समांतरभुज चौकोन

ज्या चौकोनाच्या संमुख (समोरासमोरील) बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असतात, त्याला समांतरभुज चौकोन असे म्हणतात. एकाच प्रतलात दोन समांतर रेषा काढल्या आणि त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या दोन समांतर रेषा काढल्या, म्हणजे या चार रेषांनी बंदिस्त होणारी आकृती समांतरभुज चौकोन असते. आयत, समभुज चौकोन व चौरस ही त्याचीच विशेष रूपे होत. वरील व्याख्येत फक्त बाजूंच्या दिशांचा उल्लेख आहे. बाजूंची लांबी किंवा कोनांचे माप यांविषयी ती काहीच सांगत नाही. तरीही तेवढ्या एका अटीतून बाजू, कोन व कर्ण यांविषयीचे अनेक गुणधर्म निष्पन्न होतात. मात्र एक गोष्ट मोकळी राहते व ती म्हणजे लगतच्या दोन बाजूंमधील कोन होय. चारही बाजूंची लांबी ठाऊक असली, तरी हा कोन ठाऊक नसेल, तर आकृतीचा आकार, तिचे कर्ण व तिचे क्षेत्रफळ यांपैकी काहीच निश्चित होत नाही. समांतरभुज चौकोनाचे इतर आकृत्यांहून असलेले वेगळेपण, त्याच्या मोजणीत होणाऱ्या चुका आणि यंत्रांमधील त्याचे उपयोग या तिन्हींचे मूळ या मोकळ्या कोनात आहे.

गुणधर्म : अबकड हा समांतरभुज चौकोन असून त्यात अब व डक या बाजू परस्परांना समांतर आणि अड व बक या बाजू परस्परांना समांतर आहेत असे मानू. अक हा कर्ण काढला असता चौकोनाचे अबक व कडअ असे दोन त्रिकोण होतात. अब व डक समांतर असल्यामुळे अक या छेदिकेने त्यांच्याशी केलेले व्युत्क्रम कोन समान असतात. त्याचप्रमाणे अड व बक यांच्याशी होणारे व्युत्क्रम कोनही समान असतात. अक ही बाजू दोन्ही त्रिकोणांना सामाईक आहे. म्हणून हे त्रिकोण एकरूप असतात व त्यावरून पुढील गुणधर्म मिळतात : (१) संमुख बाजू समान लांबीच्या असतात. (२) संमुख कोन समान असतात. (३) प्रत्येक कर्ण चौकोनाचे दोन एकरूप त्रिकोणांत विभाजन करतो. याशिवाय एकाच बाजूवरील दोन कोन हे समांतर रेषांमधील आंतरकोन असल्यामुळे (४) लगतच्या कोनांची बेरीज १८०° असते. म्हणजे एक कोन ठाऊक झाला की उरलेले तिन्ही कोन ठाऊक होतात. (५) दोन्ही कर्ण परस्परांना दुभागतात. हा शेवटचा गुणधर्म सिद्ध करण्यासाठी कर्णांच्या छेदनबिंदूपाशी होणारे समोरासमोरील दोन त्रिकोण घ्यावेत. त्यांची एकेक बाजू ही चौकोनाची संमुख बाजू असल्यामुळे समान असते आणि तिच्या टोकांचे कोन व्युत्क्रम असल्यामुळे समान असतात. सबब हे त्रिकोणही एकरूप असतात.

कर्ण परस्परांना दुभागत असले, तरी ते सामान्यतः समान लांबीचे नसतात, परस्परांना लंब नसतात आणि शिरोबिंदूंपाशी असलेल्या कोनांनाही दुभागत नाहीत. कर्णाने होणारे दोन त्रिकोण एकरूप असतात यावरून कर्ण हा आकृतीचा सममिती अक्ष असतो असा समज पुष्कळदा होतो. परंतु तो बरोबर नाही. कागदाचा समांतरभुज चौकोन कापून तो कर्णावर दुमडला, तर दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. एक भाग त्याच प्रतलात अर्ध्या वळशाने (१८०° तून) फिरविला तरच तो दुसऱ्यावर बसतो. अशा रीतीने सामान्य समांतरभुज चौकोनाला सममिती अक्ष मुळीच नसतो. त्याला कर्णांच्या छेदनबिंदूभोवती केवळ बिंदुसममिती असते. या बिंदूतून जाणारी कोणतीही रेषा चौकोनाचे दोन एकरूप भाग करते, मग ती कर्ण असो वा नसो. समांतरभुज आकाराच्या जमिनीचे तिच्या हद्दीवरील कोणत्याही एका बिंदूपासून सरळ रेषेने दोन समान भाग करावयाचे असल्यास तो बिंदू कर्णांच्या छेदनबिंदूशी जोडून ती रेषा पुढे वाढविली की पुरते.

व्यत्यास व कसोट्या : एखादा चौकोन समांतरभुज आहे की नाही हे ठरविण्यासाठी दर वेळी बाजू समांतर आहेत हे थेट तपासणे शक्य नसते. अशा वेळी वरील गुणधर्मांचे व्यत्यास उपयोगी पडतात. पुढीलपैकी कोणतीही एक अट पूर्ण झाली, तर चौकोन समांतरभुज असतो : संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समान असणे, संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या समान असणे, कर्णांनी परस्परांना दुभागणे, संमुख बाजूंची एकच जोडी समांतर आणि समान अशी दोन्ही असणे. शेवटची अट व्यवहारात फार सोयीची आहे, कारण तीत एकाच जोडीची तपासणी करावी लागते.

वरवर पाहता पुरेशा वाटणाऱ्या काही अटी मात्र पुरेशा नसतात. संमुख बाजूंची एक जोडी समांतर आणि दुसरी जोडी समान एवढेच ठाऊक असेल, तर चौकोन समांतरभुज असेलच असे नाही. समद्विभुज समलंब चौकोनही या अटी पूर्ण करतो. संमुख बाजूंची एक जोडी समान व संमुख कोनांची एक जोडी समान ही अटही अशीच फसवी आहे. पायापेक्षा लांब अशा दोन समान बाजू असलेला समद्विभुज त्रिकोण घेऊन तो शिरोबिंदूतून पायाकडे जाणाऱ्या, परंतु पायाच्या मध्यबिंदूतून न जाणाऱ्या, रेषेवर कापावा. मिळालेल्या दोन तुकड्यांपैकी एक पालथा घालून कापलेल्या कडेची टोके अदलाबदल होतील असा पुन्हा त्याच कडेवर जोडावा. तयार होणाऱ्या चौकोनात त्रिकोणाच्या दोन समान बाजू समोरासमोर येतात आणि पायालगतचे दोन समान कोनही समोरासमोर येतात. परंतु उरलेल्या दोन बाजू पायाचे असमान तुकडे असल्यामुळे चौकोन समांतरभुज होत नाही.

संमुख बाजू समान असण्याची कसोटी लावताना चौकोन साधा, म्हणजे बाजू परस्परांना न छेदणारा, आहे हे गृहीत धरलेले असते. ज्या चौकोनात संमुख बाजू समान असून त्यांची एक जोडी परस्परांना छेदते त्याला प्रतिसमांतरभुज चौकोन म्हणतात. यंत्ररचनेत या आकृतीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

इतर चौकोनांशी तुलना : मोकळ्या कोनावर किंवा बाजूंच्या गुणोत्तरावर बंधन घातले असता समांतरभुज चौकोनाची विशेष रूपे मिळतात. एक कोन काटकोन असल्यास चारही कोन काटकोन होतात आणि आकृती आयत होते. लगतच्या दोन बाजू समान असल्यास चारही बाजू समान होतात आणि आकृती समभुज चौकोन होते. दोन्ही बंधने एकदम घातली म्हणजे चौरस मिळतो. म्हणून प्रत्येक चौरस हा आयतही असतो व समभुज चौकोनही असतो आणि हे तिन्ही समांतरभुज चौकोनच असतात. याच्या उलट विधान मात्र खरे नसते.

हा फरक कर्णांवरून अधिक चांगला ओळखता येतो. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील, तर तो आयत असतो. ते परस्परांना लंब असतील, तर तो समभुज चौकोन असतो. समान व लंब असे दोन्ही असतील, तर तो चौरस असतो. दाराची चौकट बसविताना तिच्या समोरासमोरील बाजू समान आहेत हे मोजल्यानंतर दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहण्याची कारागिरांची पद्धत याच नियमावर आधारलेली आहे. बाजूंच्या मापांवरून चौकट समांतरभुज असल्याची खात्री होते; ती काटकोनी आहे हे मात्र कर्ण समान निघाल्यावरच ठरते.

समलंब चौकोनात संमुख बाजूंची एक जोडी समांतर असते. काही ग्रंथांत ‘एकच जोडी समांतर’ आणि काही ग्रंथांत ‘निदान एक जोडी समांतर’ अशी त्याची व्याख्या केलेली आढळते. पहिल्या व्याख्येनुसार समांतरभुज चौकोन समलंब चौकोनांत मोडत नाही, तर दुसरीनुसार तो त्यांचा विशेष प्रकार ठरतो. त्यामुळे दोहोंची तुलना करताना कोणती व्याख्या स्वीकारली आहे हे पाहणे आवश्यक असते. समलंब चौकोनाचे कर्ण परस्परांना समांतर बाजूंच्या गुणोत्तरात विभागतात. या बाजू समान झाल्या की कर्ण दुभागले जातात व चौकोन समांतरभुज होतो. पतंगाकृती चौकोनात समान बाजू समोरासमोर नसून लगत असतात. त्याचे कर्ण परस्परांना लंब असतात; परंतु सामान्यतः त्यांपैकी एकच दुसऱ्याला दुभागतो. पतंगाकृतीही असलेला समांतरभुज चौकोन समभुज असतो.

वर्तुळाच्या संदर्भातही समांतरभुज चौकोनाचे वेगळेपण दिसून येते. ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतात अशा चक्रीय चौकोनात संमुख कोनांची बेरीज १८०° असते. समांतरभुज चौकोनात संमुख कोन समान असतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यासाठी प्रत्येक कोन ९०° असावा लागतो. म्हणून आयताखेरीज कोणताही समांतरभुज चौकोन चक्रीय नसतो. तसेच चारही बाजूंना आतून स्पर्श करणारे वर्तुळ फक्त समभुज चौकोनातच काढता येते.

क्षेत्रफळ : समांतरभुज चौकोनाच्या एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापून दुसऱ्या टोकास जोडला, तर तेवढाच पाया व तेवढीच उंची असलेला आयत तयार होतो. यावरून क्षेत्रफळ = पाया × उंची हे सूत्र मिळते. येथे उंची म्हणजे पाया व त्याच्या समोरील बाजू यांमधील लंबांतर होय. तिरपी बाजू नव्हे. बाजू प व फ आणि त्यांमधील कोन त असल्यास उंची फ × ज्या त एवढी असते आणि म्हणून क्षेत्रफळ = प × फ × ज्या त. कोन ९०° असताना ते सर्वांत जास्त, म्हणजे प × फ, असते. कोन जसजसा लहान होतो तसतसे बाजू व परिमिती कायम राहूनही क्षेत्रफळ घटत जाते व कोन शून्याजवळ गेल्यास तेही शून्याजवळ जाते. सहनिर्देशक भूमितीत एक शिरोबिंदू मूळबिंदूवर आणि त्याच्या लगतचे शिरोबिंदू (य, र) व (ल, व) येथे असल्यास चौथा शिरोबिंदू (य + ल, र + व) हा असतो आणि क्षेत्रफळ यव − रल या राशीच्या चिन्हनिरपेक्ष मूल्याएवढे असते. उदा., (४, १) व (१, ३) हे शिरोबिंदू असल्यास क्षेत्रफळ १२ − १ = ११ चौरस एकके येते.

जमिनीच्या मोजणीत बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा मोह प्राचीन काळापासून दिसून येतो. संमुख बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करण्याची स्थूल रीत ईजिप्तमध्ये प्रचारात होती. ब्रह्मगुप्तांनीही ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात ती स्थूल म्हणूनच दिली आहे. समांतरभुज चौकोनाला ही रीत लावली, तर उत्तर प × फ एवढे, म्हणजे त्याच बाजूंच्या आयताएवढे, येते. बाजू ४० मी. व ३० मी. आणि त्यांमधील कोन ६०° असलेल्या जमिनीचे खरे क्षेत्रफळ सु. १,०३९ चौ. मी. असते, स्थूल रीतीने ते १,२०० चौ. मी. भरते, म्हणजे सु. १६१ चौ. मी. जास्त दाखविले जाते. बाजूंच्या साहाय्याने सूक्ष्म क्षेत्रफळ काढण्याचे ब्रह्मगुप्तांचे प्रसिद्ध सूत्रही येथे प × फ एवढेच उत्तर देते, कारण ते सूत्र चक्रीय चौकोनांनाच लागू आहे आणि समांतरभुज चौकोनांपैकी फक्त आयत चक्रीय असतो.

या उणिवेवर भास्कराचार्यांनी लीलावती (११५०) या ग्रंथात नेमके बोट ठेवले. एखादा लंब किंवा कर्ण न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले असून, उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच होय, असा शेरा मारला आहे. चौकोनाची स्थिती अनियत असते हे न जाणणे हा त्यांच्या मते दोघांचाही दोष आहे. प्रत्येक बाजू २५ असलेल्या चौकोनाचे त्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कर्ण ३० व ४० असल्यास क्षेत्रफळ ६०० येते. कर्ण १४ व ४८ असल्यास ते ३३६ येते. कर्ण समान असल्यास आकृती चौरस होऊन क्षेत्रफळ ६२५ होते. तिन्ही आकृत्यांच्या बाजू त्याच आणि परिमितीही तीच, म्हणजे १००, असते. त्रिकोणाच्या बाबतीत असे होत नाही. तीन बाजू दिल्या की त्रिकोण पूर्णपणे निश्चित होतो. चौकोनाला मात्र एक जादा माप लागते.

महाराष्ट्रात जमिनीच्या शंकुसाखळी मोजणीतही हे जादा माप घेतले जाते. शेतातून एक मूळ रेषा आखून हद्दीवरील वळणांपासून तिच्यावर शंकूच्या साहाय्याने लंब काढतात व त्यांची लांबी साखळीने मोजतात. त्यामुळे आकृती त्रिकोण व समलंब चौकोन यांत विभागली जाऊन क्षेत्रफळ निश्चित होते. ३३ फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १,०८९ चौ. फूट, म्हणजे एक गुंठा, होते. परंतु चारही बाजू ३३ फूट असून एक कोन ६०° असेल, तर तुकडा फक्त सु. ९४३ चौ. फुटांचा असतो. त्याला एक गुंठा मानल्यास घेणाऱ्याचे सु. १४६ चौ. फुटांचे नुकसान होते.

कर्ण व बाजू यांतील संबंध : कोन बदलला की कर्णही बदलतात, परंतु एक राशी कायम राहते. दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. तिरप्या बाजूच्या वरच्या टोकापासून पायावर (किंवा वाढविलेल्या पायावर) काढलेला लंब उ आणि त्या लंबाच्या पायथ्याचे बाजूच्या खालच्या टोकापासूनचे अंतर ल मानल्यास, पायथागोरस यांच्या प्रमेयानुसार एका कर्णाचा वर्ग (प + ल)² + उ² आणि दुसऱ्याचा (प − ल)² + उ² असतो. त्यांची बेरीज २प² + २(ल² + उ²), म्हणजे २प² + २फ², होते. भास्कराचार्यांच्या वरील उदाहरणात ३०² + ४०² आणि १४² + ४८² या दोन्ही बेरजा २,५०० एवढ्याच येतात हे पडताळून पाहता येते. आयतात दोन्ही कर्ण समान असल्यामुळे हाच नियम पायथागोरस यांच्या प्रमेयाचे रूप धारण करतो. आधुनिक गणितात या नियमाला मूलभूत स्थान आहे. पास्कुआल यॉर्डान व जॉन फोन नॉयमान यांनी १९३५ मध्ये असे दाखविले की, ज्या सदिश अवकाशात लांबीची कल्पना हा नियम पाळते, त्याच अवकाशात त्या लांबीशी सुसंगत असा अंतर्गुणाकार, आणि म्हणून कोनाची कल्पना, मांडता येते.

कोणत्याही चौकोनाच्या चार बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले असता समांतरभुज चौकोन मिळतो. हे प्रमेय फ्रेंच गणितज्ञ प्येर व्हारीन्याँ (१६५४–१७२२) यांच्या नावाने ओळखले जाते व ते त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूला समांतर व तिच्या निम्मी असते. त्यामुळे मध्यबिंदूंना जोडणाऱ्या समोरासमोरील रेषा मूळ चौकोनाच्या एकाच कर्णाला समांतर व त्याच्या निम्म्या असतात. मूळ चौकोन बहिर्वक्र असल्यास आतील चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या निम्मे असते. मूळ चौकोनाचे कर्ण समान असल्यास आतील चौकोन समभुज आणि ते लंब असल्यास आतील चौकोन आयत असतो.

इतिहास : वेदकालीन यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत समभुज चौकोनाच्या आकाराच्या वेदीला ‘उभयतःप्रउग’ असे नाव आहे. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी मूलतत्त्वे या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील व्याख्यांत चौरस, आयत, समभुज चौकोन आणि संमुख बाजू व कोन समान असलेला परंतु काटकोनी अथवा समभुज नसलेला चौकोन यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे, या सर्वांना सामावून घेणारी समांतरभुज चौकोनाची संकल्पना मात्र समांतर रेषांची प्रमेये सिद्ध झाल्यानंतर, चौतिसाव्या प्रमेयात, अवतरते. त्यापुढील प्रमेयात एकाच पायावर व त्याच दोन समांतर रेषांमध्ये असणारे समांतरभुज चौकोन समक्षेत्र असतात हे सिद्ध केले आहे. या प्रमेयाचा परिणाम आश्चर्यकारक आहे, कारण पाया व उंची न बदलता चौकोन कितीही तिरपा करता येतो व त्यामुळे त्याची परिमिती हवी तेवढी वाढविता येते. क्षेत्रफळ मात्र तेच राहते. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रॉक्लस यांनी याच संदर्भात जमिनीच्या वाटपातील एका लबाडीचा उल्लेख केला आहे. काही लोक जास्त परिमितीची परंतु कमी क्षेत्रफळाची जमीन आपल्या भागीदारांना देऊन स्वतः जास्त क्षेत्रफळाची जमीन घेत व वर प्रामाणिकपणाचा लौकिकही मिळवीत.

ब्रह्मगुप्तांनी चौकोनांचे सम, आयत, द्विसम, त्रिसम व विषम असे प्रकार मानले. हे वर्गीकरण बाजूंच्या समानतेवर आधारलेले होते, समांतरतेवर नव्हे. यूक्लिड यांची भूमिती संस्कृतात आणण्याचे कार्य अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंग यांच्या आश्रयाखाली पंडित जगन्नाथ यांनी नासिरुद्दीन तूसी यांच्या अरबी ग्रंथाच्या आधारे केले. त्यांचा ग्रंथ रेखागणित या नावाने प्रसिद्ध आहे.

यामिकीतील उपयोग : त्रिकोणी सांगाडा सांध्यांपाशी सैल असला, तरी त्याचा आकार बदलत नाही. चार दांड्या टोकांशी खिळींनी जोडून केलेला समांतरभुज सांगाडा मात्र सहज कलतो. म्हणूनच लाकडी फाटकाला तिरपी पट्टी ठोकतात व लोखंडी मनोऱ्यांना कर्णाच्या दिशेने दांड्या बसवितात. या कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मोकळा कोन बांधला जातो. उलट जेथे हालचाल हवी असते तेथे हाच मोकळेपणा उपयोगी पडतो, कारण सांगाडा कितीही कलला, तरी त्याच्या संमुख बाजू समांतरच राहतात. नौकानयनात नकाशावरील दिशा एका जागेवरून दुसरीकडे नेण्यासाठी वापरली जाणारी समांतर पट्टी, क्रिस्टोफ शायनर यांनी १६०३ मध्ये तयार केलेले नकाशे व चित्रे लहानमोठी करण्याचे पँटोग्राफ हे उपकरण आणि झील पेर्सोन द रॉबेर्व्हाल यांनी १६६९ मध्ये मांडलेला, पारडी वरच्या बाजूस असलेला तराजू ही त्याची उदाहरणे होत. या तराजूत दोन आडव्या दांड्या एकाखाली एक बसविलेल्या असून त्यांची टोके उभ्या दांड्यांनी जोडलेली असतात. त्यामुळे पारडी वरखाली होताना सपाट राहतात व वजन पारड्यात कोठेही ठेवले, तरी तोलात फरक पडत नाही. जेम्स वॉट यांनी १७८४ मध्ये वाफेच्या एंजिनातील दट्ट्याचा दांडा जवळजवळ सरळ रेषेत चालविण्यासाठी समांतरभुज जोडणीचा उपयोग केला.

या जोडणीत एक धोकाही असतो. वाफेच्या रेल्वे एंजिनाची लगतची चाके एका दांड्याने जोडलेली असतात व तेथे चाकांच्या आसांना जोडणारी रेषा, दोन समान भुजा व तो दांडा मिळून समांतरभुज चौकोन होतो. चाके फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा या चौकोनाच्या चारही बाजू एकाच रेषेत येतात. त्या क्षणी तो पुन्हा समांतरभुज म्हणून उघडण्याऐवजी प्रतिसमांतरभुज होऊन उघडू शकतो, म्हणजे एक चाक उलट फिरण्याचा संभव निर्माण होतो. हे टाळण्यासाठी एंजिनाच्या दुसऱ्या बाजूच्या भुजा ९०° पुढे किंवा मागे बसवितात; एका बाजूचा चौकोन सपाट होतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा पूर्ण उघडलेला असतो व तो चाकांना योग्य दिशेने नेतो.

एका बिंदूवर कार्य करणाऱ्या दोन प्रेरणा लगतच्या बाजूंनी दर्शविल्या, तर त्यांची फलित प्रेरणा त्याच बिंदूतून निघणाऱ्या कर्णाने दर्शविली जाते. हा समांतरभुज नियम आयझॅक न्यूटन यांनी प्रिन्सिपिया (१६८७) या ग्रंथात गतिनियमांचा उपसिद्धांत म्हणून मांडला. त्याच वर्षी व्हारीन्याँ यांनीही प्रेरणांच्या संयोगावर आधारलेली स्थितिकी प्रसिद्ध केली. वेग, प्रवेग इ. इतर सदिश राशींनाही हा नियम लागू पडतो. येथेही केवळ बाजूंची मापे पुरेशी नसतात. ३ व ४ एककांच्या प्रेरणांमधील कोन ६०° असल्यास फलित प्रेरणा सु. ६·०८, ९०° असल्यास ५ आणि १२०° असल्यास सु. ३·६१ एकके असते.

फरसबंदी व स्फटिकरचना : एकाच मापाच्या समांतरभुज फरशा कोणतीही फट न ठेवता प्रतल व्यापू शकतात, कारण प्रत्येक फरशी बाजूच्या दिशेने सरकविली की शेजारच्या फरशीच्या जागी येते. अशा फरशांच्या कोपऱ्यांच्या बिंदूंनी जालक तयार होते. प्रतलातील जालकांचे सममितीनुसार पाच प्रकार पडतात आणि त्यांतील सर्वांत कमी सममितीच्या प्रकाराचा एकक म्हणजे सामान्य समांतरभुज चौकोन होय. त्रिमितीय अवकाशात समांतरभुज चौकोनाची जागा सहा समांतरभुज पृष्ठांचा समांतर षट्‌फलक घेतो. स्फटिकातील अणूंची मांडणी अशाच षट्‌फलकाच्या पुनरावृत्तीने वर्णिली जाते. त्याची एकक कोष्ठिका सांगताना तीन कडांच्या लांबीबरोबर त्यांमधील तीन कोनही द्यावे लागतात. नुसत्या कडांवरून स्फटिकाची रचना किंवा कोष्ठिकेचे घनफळ ठरविता येत नाही.